शेडमधलं चारशे चाळीस

माझ्या भाच्यानं कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घराच्या शेडमधून गाडी बाहेर काढली आणि तिथं उद्यमनगरातून आणलेला जुना लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, बसवला. गाडी आता पावसात भिजते, पण तो विषय बहिणीसमोर काढायचा नसतो. मग एके दिवशी त्यानं कुणा अमेरिकन माणसाचा व्हिडिओ बघितला आणि मला फोन केला, "मामा, वर्कशॉपला हाय व्होल्टेजचा सॉकेट लागतोय म्हणं."

त्या व्हिडिओतलं 'हाय व्होल्टेज' म्हणजे २४० व्होल्ट. आपण इस्त्रीची पिन खुपसतो, साधारण तेवढंच. अमेरिकेत घरात दोन जिवंत तारा आणि मधे न्यूट्रल येते. एक तार आणि न्यूट्रल धरली की १२० व्होल्ट मिळतात, दोन्ही जिवंत तारा धरल्या की २४०. एडिसननं १८८२ मध्ये न्यूयॉर्कात ११० व्होल्टच्या आसपास वीज द्यायला सुरुवात केली, आणि पुढं एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज, आली तरी ती सवय काही सुटली नाही. म्हणून दिवे-फ्रिज १२० वर चालतात आणि वेल्डिंग मशीन आलं की तिकडच्या माणसाला वेगळा सॉकेट ओढावा लागतो.

पण एवढी धडपड कशासाठी? तीन हॉर्सपॉवरची मोटर घ्या. १२० व्होल्टच्या जवळपास ती ३४ अँपिअर ओढते, २३० वर १७. तार तापते ती करंटमुळं, आणि तीही वर्गाच्या हिशेबानं : करंट निम्मा झाला तर उष्णता चौथाई होते. व्होल्ट वाढले की तेच काम बारीक तारेत होतं, एवढं साधं आहे ते. तीच मोटर थ्री फेजची, म्हणजे तीन जिवंत तारांवर चालणारी, असेल तर एकेका तारेत पाच अँपिअरसुद्धा जात नाहीत.

म्हणजे भाच्याला खरं हवं होतं ते आपलं चारशे चाळीस व्होल्ट, म्हणजेच थ्री फेज. हा आकडा कवटीच्या लाल पाटीवरून आपल्या बोलण्यात असा बसलाय की मल्टिमीटरवर ४०० ते ४१५ दिसलं तर माणसाला फसवल्यासारखं वाटतं. हिशेब असा : तीन तारांतल्या लहरी एकमेकींपासून एक तृतीयांश फेरा मागं-पुढं असतात. एक पूर्ण वर असते तेव्हा दुसरी पूर्ण खाली नसते, त्यामुळं दोघींमधला फरक २३० च्या दुप्पट न होता १.७३२ पट होतो, म्हणजे सुमारे ४००. पूर्वीचे २४० धरले तर ४१५.

या तीन लहरींची खरी करामत मोटरीत दिसते. सिंगल फेजचं चुंबकीय क्षेत्र नुसतं पुढं-मागं होतं, फिरत नाही. कपॅसिटर गेलेला पंखा आठवा. गुणगुणत बसतो, काठीनं ढोसला की मग फिरतो. थ्री फेजमध्ये मात्र तीन गुंडाळ्या पाळीपाळीनं जोर लावतात, क्षेत्र आपोआप गोल फिरतं आणि रोटर त्याच्यामागं ओढला जातो. १८९१ साली जर्मनीत लाउफनहून फ्रँकफर्टपर्यंत १७५ किलोमीटर थ्री फेज वीज नेऊन दाखवली, त्या कामात दोलिव्हो-दोब्रोव्होल्स्की या इंजिनिअरचा मोठा वाटा होता. आज गुऱ्हाळाचा चरक असो की शेतातला पंप, सगळं त्याच वाटेनं फिरतं.

भाच्याचं सगळं लक्ष सॉकेटवर होतं. मी त्याला आधी अर्थिंग दाखव म्हणालो. अंगणात कोळसा-मीठ घालून खड्डा केलाय, असं तो अभिमानानं म्हणाला. खड्डा चांगलाच, पण नुसता खड्डा पुरत नाही. लेथच्या लोखंडी अंगाला एखादी तार लागली आणि जमिनीतल्या वाटेचा रोध १० ओहम असला, तर करंट वाहील २३ अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट जादा झाला की आपोआप पडणारा खटका, तेवढ्यावर बराच वेळ गप्प बसू शकतो, आणि तोवर लेथ जिवंत! एमसीबी तारेला सांभाळतो, माणसाला नाही. ओल्या हाताच्या माणसाचा रोध हजार ओहमच्या आसपास धरला तर २३० व्होल्टला अंगातून २३० मिलिअँपिअर जातील, आणि हृदयाची लय बिघडायला त्याहून पुष्कळ कमी पुरतो. म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतोच, थ्री फेजला चार पोलचा. गेलेला आणि परत आलेला करंट यांचा मेळ बसला नाही की तो क्षणात वीज तोडतो. त्याच्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबायचं असतं. आमच्या गल्लीत ते कुणी दाबल्याचं मला आठवत नाही.

दुसरी भानगड ढिल्या स्क्रूची. जोडावर फक्त ०.१ ओहम रोध राहिला आणि १५ अँपिअर वाहिले, तर त्या टिंबाएवढ्या जागी २२ वॉटच्या वर उष्णता होते. म्हणजे सॉकेटच्या पोटात सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखंच. प्लास्टिक आधी पिवळं पडतं, मग वास येतो. भिंतीतली तार तापली की आधी सॉकेट उघडून बघावा, तोही मेन बंद करून.

थ्री फेजसाठी महावितरणकडं अर्ज गेला, परवानाधारक ठेकेदारानं टेस्ट रिपोर्ट दिला. भिंतीवर लाल रंगाचा औद्योगिक सॉकेट आला. त्याची अर्थची पिन जाड असते, त्यामुळं प्लग उलटा बसतच नाही. भाच्यानं नारळ फोडला, स्टार्टर दाबला आणि लेथ उलटा फिरायला लागला.

त्याचा चेहरा पडला. वायरमननं मेन पाडला, मोटरीकडं जाणाऱ्या तीन तारांतल्या कुठल्याशा दोन अदलाबदल केल्या आणि पुन्हा खटका दाबला. लहरींचा क्रम उलटला, क्षेत्र दुसऱ्या बाजूनं फिरलं आणि लेथ सरळ चालू झाला.

"एवढंच?" भाचा म्हणाला.

"एवढंच," वायरमन म्हणाला आणि चहा मागितला.