लुडबुड नसणं वेगळं, संबंध नसणं वेगळं

टी.वाय.च्या (पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या) मुलांना क्वांटम भौतिकी शिकवताना दरवर्षी माझ्या फळ्यावर एक ओळ येते: अ × ब = ब × अ. अ म्हणजे पुण्यात केलेलं मापन, ब म्हणजे मुंबईत केलेलं. यंदा एका मुलीनं ती वहीत उतरवली आणि शेजारी लिहिलं, 'म्हणजे दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही.' चांगला अभ्यास असलेल्यांचीही इथेच गल्लत होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पुणे-मुंबई अंतर सरळ रेषेत सुमारे 120 किलोमीटर. प्रकाशाला तिथे पोचायला 0.4 मिलिसेकंद लागतात. दोन्हीकडची मापनं याहून कमी वेळाच्या फरकानं झाली, तर आधी कोणतं झालं याला सापेक्षतेत एकच उत्तर नसतं. वेगवेगळ्या गतीनं जाणारे निरीक्षक वेगवेगळा क्रम सांगतील आणि सगळेच बरोबर असतील. म्हणून निकाल क्रमावर अवलंबून असून चालत नाही. शाळेत बेरजेसाठी शिकलेला 'क्रमनिरपेक्ष' हाच तो शब्द. भौतिकशास्त्रज्ञ आर्थर वाइटमन यांनी 1950च्या दशकात क्षेत्रांसाठी (म्हणजे अवकाशभर पसरलेल्या राशींसाठी), आणि रुडॉल्फ हाग व डॅनियल कास्टलर यांनी 1964 मध्ये मोजता येणाऱ्या राशींसाठी, ही अट गृहीतक म्हणून मांडली. (इलेक्ट्रॉनसारख्या कणांच्या क्षेत्रांत क्रम बदलला की चिन्ह बदलतं, पण ती क्षेत्रं थेट मोजली जात नाहीत, त्यामुळे अडत नाही.)

हे गृहीतक फक्त मापनांबद्दल बोलतं: पुण्यातल्यानं मुंबईतल्याच्या कामात लुडबुड करायची नाही. ज्या अवस्थेवर, म्हणजे कणांच्या ज्या स्थितीवर, मापन होतं, तिच्याबद्दल ते चकार शब्द काढत नाही. आणि सहसंबंध, म्हणजे निकालांची जुळणी, तर अवस्थेत असतो. 'संबंध नाही' म्हणायचं तर वेगळं समीकरण लागतं: (अ × ब)ची सरासरी = अची सरासरी × बची सरासरी. पहिल्या समीकरणातून हे दुसरं निघत नाही.

समजा, फोटॉनच्या (प्रकाशकणांच्या) गुंतलेल्या, म्हणजे एकच सामाईक अवस्था असलेल्या, जोड्यांमधला एक फोटॉन पुण्यात येतो, दुसरा मुंबईत जातो. दोन्हीकडे ध्रुवण (प्रकाशाच्या कंपनाची दिशा) ध्रुवक नावाच्या गाळणीनं मोजून +1 किंवा −1 वहीत लिहायचं. पुण्याच्या वहीत निम्मे +1, निम्मे −1. मुंबईवाल्यानं आपला ध्रुवक कितीही फिरवला, तरी पुण्याच्या रकान्यात काडीचाही फरक पडत नाही. हे पहिल्या समीकरणाचं काम. रात्री डेक्कन क्वीननं मुंबईची वही आली, दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या, की मग जुळणी दिसते. जुळणी आधीपासून होतीच, पण ती एका वहीत कधीच नव्हती. म्हणून तिच्यातून निरोप पाठवता येत नाही.

जुळणी तर फाटलेल्या नोटेच्या दोन तुकड्यांतही असते, असं कुणी म्हणेल. फरक प्रमाणात आहे. ध्रुवकाच्या दोन-दोन मांडण्या घेऊन चार सरासऱ्यांची ठरावीक बेरीज-वजाबाकी केली, तर नोटेसारख्या, आधीच ठरून आलेल्या जुळणीला 2 ही मर्यादा पडते. क्वांटम जुळणी 2.83च्या आसपास जाऊ शकते. या विचाराचा पाया जॉन बेल यांनी 1964 मध्येच घातला, म्हणजे हाग-कास्टलर यांच्याच वर्षी. बेलची मर्यादा मोडली की लोक 'नॉनलोकल' (स्थानिक नसलेलं) म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं हागची क्रमनिरपेक्षतेची अटही मोडली. ती मोडत नाही. या एका शब्दानं फार नुकसान केलंय, असं माझं स्पष्ट मत आहे.

मला सगळ्यात भावतो तो पुढचा भाग. हे गृहीतक आणि या सिद्धांताची बाकीची गृहीतकं मान्य केली की सहसंबंध टाळताच येत नाही, अगदी निर्वातातसुद्धा! रे आणि श्लीडर यांनी 1961 मध्ये सिद्ध केलं, की निर्वात अवस्थेवर फक्त एका छोट्या भागातले ऑपरेटर (अवस्था बदलणाऱ्या गणिती क्रिया) लावून कोणत्याही अवस्थेच्या, अगदी दूर काही वेगळं असलेल्या अवस्थेच्याही, हव्या तितक्या जवळ जाता येतं. निर्वातात जुळणी नसती तर हे जमलंच नसतं. अंतर वाढलं की निर्वातातली ही जुळणी झपाट्यानं विरते, पण ती कधीही नेमकी शून्य होत नाही.

"मग पुण्यात बसून मुंबईत काही घडवता येईल?" त्या मुलीनं विचारलं. नाही. असा ऑपरेटर लावणं म्हणजे यंत्राचं बटण दाबणं नव्हे. त्यात हवा तो निकाल आलेल्या फेऱ्या ठेवून बाकीच्या टाकून देणं येतं. मुंबईची अख्खी वही होती तशीच राहते. कोणती पानं ठेवायची, एवढंच आपण पुण्यात ठरवतो.

तिनं शेजारचं वाक्य खोडलं, खाली सरासऱ्यांचं समीकरण लिहिलं आणि त्यातल्या बरोबरच्या चिन्हावर काट मारली.