कलावंताचे गृहसंग्रहालय

कलावंताने राहत्या घरात स्वतःच्या मर्जीने मांडलेले आणि बहुधा हयातीतच पाहुण्यांना खुले केलेले संग्रहालय. सार्वजनिक संग्रहालयात वस्तू काळ, प्रदेश किंवा प्रकार पाहून लावतात. इथे कशाशेजारी काय शोभेल, कुठून उजेड पडावा, कोणाची आठवण कुठल्या कोपऱ्यात असावी, याला महत्त्व असते. म्हणून मांडणी हीच कलाकृती असते, आणि अशा माणसाचे खरे स्मारक म्हणजे त्याची न मोडलेली मांडणी.

याचा सर्वांत श्रीमंत नमुना लंडनच्या लिंकन्स इन फील्ड्समध्ये आहे. बँक ऑफ इंग्लंडची इमारत घडवणारे वास्तुविशारद सर जॉन सोन (१७५३–१८३७) यांनी तिथली लगतची तीन घरे एकामागून एक पाडून नव्याने बांधली. चित्रांची खोली लहान होती, म्हणून त्यांनी भिंतींना बिजागऱ्यांवर उघडणारे पल्ले बसवले. एका पल्ल्यामागे दुसरी चित्रे. इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थची आठ चित्रांची प्रसिद्ध मालिका तिथेच आहे. इजिप्तचा राजा पहिला सेती याची दगडी शवपेटी ब्रिटिश म्युझियमने नाकारली, ती सोन यांनी १८२४ मध्ये २,००० पौंडांना घेतली आणि पुढच्या वर्षी तीन संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात पाहुण्यांना दाखवली. तळघरात ‘पाद्रे जोव्हानी’ या काल्पनिक साधूची बैठक आहे आणि अंगणात त्याचे थडगे. त्यात विसावला आहे तो सोन यांच्या पत्नीचा कुत्रा. विक्षिप्तपणा म्हणून हे सोडून देता येत नाही. वडिलांच्या कामावर धाकट्या मुलाने वर्तमानपत्रात निनावी टीका छापली आणि त्याच वर्षी, १८१५ मध्ये, पत्नी वारली. सोन यांनी ती कात्रणे चौकटीत बसवून घरात टांगली. साधूची बैठक त्यानंतरची आहे, आणि तिच्यातल्या गमतीत एकटेपणा स्पष्ट दिसतो.

घर मुलाच्या हाती जाऊ नये म्हणून सोन यांनी १८३३ मध्ये संसदेकडून खास कायदा करून घेतला. आपल्या मृत्यूच्या वेळी घर जसे असेल, तसेच शक्यतो ठेवावे, अशी त्यात अट आहे. तरीही पुढच्या काळात काही खोल्यांचा वापर बदलला. अलीकडे वरच्या मजल्यावरच्या राहत्या खोल्या पूर्ववत करता आल्या, त्या मुख्यतः सोन यांच्या काळातल्या जलरंगचित्रांच्या आणि याद्यांच्या आधारे.

पॅरिसचे चित्रकार गुस्ताव मोरो यांनी १८९५ मध्ये राहत्या घराचे वरचे मजले खास प्रदर्शनासाठी बांधून घेतले. १८९८ मध्ये ते वारले आणि १९०३ मध्ये संग्रहालय उघडले. पहिले अभिरक्षक होते त्यांचेच शिष्य जॉर्ज रूओ. फ्रान्समधल्याच शार्त्र या गावात रेमों इझिदोर (१९००–१९६४) या स्मशानातल्या सफाई कामगाराजवळ पैसाही नव्हता आणि कलेचे शिक्षणही. त्याने फुटक्या बशा-कपांच्या तुकड्यांनी घराच्या भिंती, अंगण, खुर्च्या, अगदी बायकोचे शिवणयंत्रही मढवले. हे घर पुढे नगरपालिकेने घेतले.

पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय या प्रकाराचे जवळचे नातेवाईक म्हणता येईल. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, कुलुपे, कोरीव दारे अशा घरगुती वस्तू जमवल्या. संग्रहाला त्यांनी लहानपणी वारलेल्या राजा या मुलाचे नाव दिले आणि पुढे तो महाराष्ट्र शासनाकडे सोपवला.

अशी घरे बहुतेकदा मालकाच्या मृत्यूनंतर विखुरतात. वारसांना घर विकायचे असते, वस्तू एकेकट्या फारशा मोलाच्या नसतात, आणि कुठली वस्तू कुठून आली ही माहिती मालकाच्या बोलण्यातच राहिलेली असते. तो स्वतःच रोजचा मार्गदर्शक असतो. म्हणून जतनाचे काम तो हयात असतानाच सुरू करावे लागते: प्रत्येक भिंतीचे आणि फडताळाचे छायाचित्र, वस्तूंची जागेनुसार यादी, आणि तो पाहुण्यांना घर दाखवत असतानाचे ध्वनिमुद्रण. मोठ्या संग्रहालयाने मागाहून निवडक वस्तू नेल्या तर त्या वाचतात, पण घर हरवते.