सात नारळांचे तीनशे पंधरा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नारळवालीकडून सात नारळ निवडून बाजूला काढले. नग पंचेचाळीस रुपये. सोबतच्या भाच्याने मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत बाईने तीन-तीनचे दोन ढीग केले, उरलेला एक शेजारी ठेवला आणि "तीनशें पंदरा" म्हणून हात पुढे केला. एका ढिगाचे एकशे पस्तीस, दोन्हींचे दोनशे सत्तर, वर पंचेचाळीस. गुणाकार असा तिने केलाच नाही. भाचा बारावी विज्ञानचा.

नेमका असाच नारळ संशोधनात प्रसिद्ध आहे आणि तोही पोर्तुगीज बोलणाऱ्या मुलखातला. ब्राझीलच्या रेसिफे शहरात तेरेझिन्या नुनेस कॅराहर, डेव्हिड कॅराहर आणि ॲनालूसिया श्लीमान यांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांना गिऱ्हाईक बनून हिशेब विचारले. हा अभ्यास १९८५ साली छापून आला. नारळ पस्तीस क्रुझेरोला, तर दहांचे किती? बारा वर्षांचा विक्रेता तीनांचे एकशे पाच, आणखी तीन घेतले की दोनशे दहा, असे चढत चढत साडेतीनशेवर पोहोचला. दहाने गुणायचे तर पुढे शून्य लावावे, हा शाळेतला मार्ग त्याने धरलाच नाही. बाजारात या मुलांची ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तसलेच हिशेब कागदावर नुसत्या आकड्यांत मांडून दिले तेव्हा ३७ टक्के. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी दिल्ली-कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर केलेला मोठा अभ्यास २०२५ मध्ये आला. त्यातही हेच दिसले. शाळेत जाणाऱ्या मुलांचे मात्र उलट: कागदावर ठीक, बाजारात अडखळणारी.

मोठ्या माणसांच्या बाबतीत हा प्रश्न बराच काळ वेगळ्या तोंडाने विचारला गेला. चिनी माणूस अमेरिकनापेक्षा भराभर आकडेमोड का करतो? १९८० च्या दशकात एक उत्तर फार आवडते झाले, ते म्हणजे भाषा. चिनीत अकराला 'दहा-एक' म्हणतात, पंचवीसला 'दोन-दहा-पाच'. शब्द ऐकला की आकडा समोर. आपल्या मराठीत शंभरपर्यंतचे जवळजवळ प्रत्येक नाव स्वतंत्र पाठ करावे लागते. त्यात एकक आधी, दशक मागून. त्र्याहत्तर ऐकून पोर आधी तीन लिहिते आणि ३७ करून ठेवते. एकोणतीसमध्ये तर तिसातून एक वजा करायचा, आणि तो वजा केलाय हे सांगायला कोणी येत नाही.

हा वाद आपल्याकडे २०१९ मध्ये थेट विधानसभेपर्यंत गेला. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात पंचवीसच्या जोडीला 'वीस पाच' असे वाचन आले आणि महाराष्ट्रभर चेष्टा सुरू झाली. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की जुनी नावे रद्द केलेली नाहीत, जोडाक्षरे आणि उलटा क्रम लहान मुलांना अडवतो म्हणून ही सोय आहे. चेष्टा करणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक होते की नॉर्वेच्या संसदेने हाच बदल १९५१ मध्ये करून टाकला होता? तिथे निमित्त टेलिफोनचे होते. नंबर ऐकताना 'पाच आणि वीस'ने घोळ होत असे.

म्हणजे भाषेचा अडथळा खरा आहे, पण तो पहिली-दुसरीतला. मोठेपणी तो किती उरतो याबद्दल मला शंका आहे आणि ती उगाच नाही. डेव्हिड गिअरी आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये चिनी व अमेरिकन तरुणांबरोबर दोन्हीकडच्या साठीपलीकडच्या माणसांनाही बेरजा-वजाबाक्या घातल्या. तरुणांत चिनी पुढे होते. म्हाताऱ्यांत फरक नव्हता. इंग्रजी तीच, आकड्यांची नावे तीच, मग आजोबांना जे येत होते ते नातवाच्या हातून कुठे गेले? शाळेतल्या घोकंपट्टीत आणि रोजच्या सवयीत काहीतरी बदलले. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेने ३१ देशांतल्या प्रौढांची कौशल्ये तपासून २०२४ च्या अखेरीस निष्कर्ष जाहीर केले, त्यात भारत नाही. संख्याज्ञानात फिनलंड आणि जपान आघाडीवर आहेत. मराठीसारखा एकक आधी बोलणारा नेदरलँड्स वरच्या देशांत आहे, आणि दशक आधी बोलणारा पोर्तुगाल सरासरीच्या खाली.

शब्दच नसतील तर मात्र गोष्ट वेगळी. ॲमेझॉनच्या जंगलातल्या मुंडुरुकू लोकांकडे पाचपलीकडे संख्यांची नावे नाहीत. पिएर पिका, स्तानिस्लास देहान आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले की ठिपक्यांच्या दोन ढिगांतला मोठा कुठला हे ती माणसे फ्रेंचांच्या तोडीने ओळखतात. पण सहातून चार गेले तर नेमके किती उरले, इथे गाडी अडते. अंदाज माणसाला उपजत असतो. नेमकेपणा शिकावा लागतो.

गोव्यात तो शिकवायचे शेणयमामा, म्हणजे गावचे पंतोजी. देवळाच्या अग्रशाळेत किंवा कुणाच्या ओसरीवर त्यांची मराठी शाळा भरे, आणि तिन्हीसांजेला घरोघरी परवचा. नुसते पाढे नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. (संत देहाला 'औट हात' म्हणतात, तेच हे औट.) एवढे अपूर्णांक पोरांच्या माथी का मारत, याचे उत्तर दुकानाच्या गल्ल्यात आहे. रुपयाचे आणे सोळा, मणाचे शेर चाळीस. चाळीसला सोळाने भागले की अडीच. म्हणून मणाला जितके रुपये, अडीच शेराला तितकेच आणे. तांदूळ मणाला चोवीस रुपये असेल तर अडीच शेराचे चोवीस आणे, म्हणजे दीड रुपया. पाच शेराचे तीन. पाटी नको, पेन्सिल नको. पोर्तुगीज रुपयाचेही टंगे सोळाच होते, त्यामुळे हद्दीच्या अलीकडे-पलीकडे अडीचकी सारखीच चाले.

वाड्यावरच्या ख्रिस्ती शेजाऱ्याचे वेगळे. त्याचे बोलणे कोंकणी, पण इश्कोलात, म्हणजे पोर्तुगीज शाळेत गेलेला असल्याने मोजणे 'विंत इ सिंक', वीस आणि पाच. एलिझाबेथ स्पेल्की आणि सॅना त्सिव्किन यांनी २००१ मध्ये रशियन-इंग्रजी जाणणाऱ्यांवर प्रयोग करून दाखवले की नेमका हिशेब ज्या भाषेत घोटला त्याच भाषेत चपळ चालतो, अंदाजाला मात्र कुठलीही भाषा चालते. वाड्यावर हे सांगायला प्रयोग लागला नसता. माझे आजोबा आणि तो शेजारी भांडायचे कोंकणीत. पैशाचा विषय निघाला की दोघे आपापल्या भाषेत पुटपुटून आकडा तेवढा कोंकणीत बाहेर काढायचे.

मग पाच वर्षांत सगळे उलटले. भारतात १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. गोव्यात १९५८ मध्ये रुपया आणि टंगा जाऊन एस्कुदो आला, एका रुपयाला सहा, आणि एस्कुदोचे सेंताव्ह शंभर. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि पुढच्या वर्षी भारतीय रुपया. पाठोपाठ किलो. आजोबांनी डिचोलीच्या दुकानात तिन्ही नाणी एकाच गल्ल्यात पाहिली. सोळा गेले, चाळीस गेले, अडीचला काही कामच उरले नाही.

तरी त्यांनी आम्हा नातवंडांकडून अडीचकी पाठ करून घेतलीच. पंधरा अडीचके साडेसदतीस, मला झोपेतून उठवून विचारले तरी येते. बाजारातून परतताना भाच्याला विचारले, औटकी म्हणजे काय ठाऊक आहे? "क्रिकेटमधले काहीतरी?" म्हणाला.