एकाच बाटलीचे चार भाव: मराठवाड्यातून दिसणारी पार्श्वभूमी

संभाजीनगर किंवा लातूरहून गोव्याला निघालेल्या गाडीत पहिला हिशेब खोलीच्या भाड्याचा होतो आणि दुसरा दारूच्या खंब्याच्या, म्हणजे मोठ्या बाटलीच्या, भावाचा. तोच ब्रँड, तेच माप, तरी पणजीत एक भाव, बिदरमध्ये दुसरा, हैदराबादेत तिसरा आणि घरी चौथा. पर्यटनस्थळ म्हटलं की महागाई आली, हा नियम इथे उलटा का पडतो, ते समजायला समुद्रकिनारा सोडून कराच्या वहीत डोकवावं लागतं.

मराठवाड्यापुरतं बोलायचं तर ही वही 1956 साली फाटली. त्याआधी नांदेड, बिदर आणि निजामाबाद एकाच हैदराबाद राज्यात, म्हणजे पूर्वीच्या निजामाच्या संस्थानात, होते आणि निजामी कालगणनेतल्या 1316 फसली सालचा आबकारी कायदा तिघांनाही लागू होता. मोहाची दारू आणि शिंदी हा तेव्हा सरकारी उत्पन्नाचा भरवशाचा भाग होता. भाषावार प्रांतरचनेत या राज्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके तर तोवर बिदर जिल्ह्यातच होते. ते इकडे आले, बिदर शहर म्हैसूर राज्यात गेलं, तेलंगण आंध्रात. मराठवाड्याला पुढे मुंबई राज्याचा 1949 चा दारूबंदी कायदा लागू झाला. तो आजही नावाने दारूबंदीचाच आहे, म्हणून तर बारला परमिट रूम म्हणतात. गोवा 1961 पर्यंत पोर्तुगीजांकडे असल्याने या कायद्याच्या कचाट्यात कधी सापडलाच नाही.

राज्यघटनेने दारूवरचा कर राज्यांच्या हाती दिला आणि 2017 साली जीएसटी आला तेव्हाही दारू बाहेरच ठेवली. राज्यांना हक्काचा गल्ला सोडवेना, एवढंच त्याचं कारण. उत्पादकांच्या एका संघटनेने 2023 मध्ये तुलना मांडली होती: गोव्यात 100 रुपयांना मिळणारी बाटली महाराष्ट्रात 226, तेलंगणात 246 आणि कर्नाटकात 513 रुपयांना. संघटना करकपात मागणारी, तेव्हा आकडे जरा जपून घ्यावेत. शिवाय कर्नाटकात तेव्हा ब्रँडच्या किमतीनुसार शुल्काचे टप्पे होते. महागड्या बाटलीवर तिथे फार मोठा बोजा होता, पण 2024 मध्ये त्यांनी तोच उतरवला.

महाराष्ट्राने त्यानंतर वर्षाच्या आत उलटी दिशा धरली. जून 2025 च्या मंत्रिमंडळ निर्णयाने इथे बनणाऱ्या विदेशी मद्यावरचं, म्हणजे व्हिस्की-रमसारख्या दारूवरचं, शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचार पटीवर नेलं. लिटरमागे 260 रुपयांपर्यंत खर्च जाहीर केलेल्या ब्रँडना, म्हणजे सामान्य माणसाच्या बाटलीला, हे लागू. कारखान्याने खर्चात एक रुपया जास्त दाखवला की शुल्क साडेचार रुपयांनी चढतं, त्यावर विक्रीकर वेगळा. किमान किमतीही ठरवून दिल्या. 115 ते 130 रुपयांच्या आसपास मिळणारी विदेशी मद्याची क्वार्टर 205 वर गेली, देशीची 80 झाली. या दोन्हींच्या मध्ये 148 रुपयांचा नवा प्रकार घातला, ‘महाराष्ट्र मेड लिकर’: धान्यापासूनची आणि फक्त राज्यातल्या उत्पादकांनी बनवायची.

वाद पेटला तो या मधल्या पायरीवर. सरकारचं म्हणणं, वर्षाला 14 हजार कोटींचा जादा महसूल येईल आणि बंद पडलेल्या कारखान्यांना काम मिळेल. विरोधकांचा सवाल, ते कारखाने कोणाचे? धान्यापासून दारूचं धोरण 2007 मध्ये आलं तेव्हाही हाच प्रश्न विचारला गेला होता आणि तो चुकीचा नव्हता. आधी वरची पायरी उंच करायची, मग खाली आपली बाकडी मांडायची, याला महसूलवाढ एवढंच नाव पुरत नाही. परमिट रूमवाल्यांचं दुखणं निराळं. त्यांच्यावरचा व्हॅट, म्हणजे विक्रीकर, आधीच 5 वरून 10 टक्के झाला होता, त्यात परवाना शुल्क वाढलं. 14 जुलै 2025 ला त्यांनी राज्यभर बार बंद ठेवले.

यात वेरूळ-अजिंठा पाहायला आलेल्या पाहुण्याची गंमत होते. बियरचे कारखाने वाळूज-चिकलठाण्यात, त्यांना पाणी जायकवाडीचं. 2016 च्या दुष्काळात, लातूरला रेल्वेने पाणी येत असताना, न्यायालयाने या कारखान्यांचं पाणी 60 टक्क्यांपर्यंत कापलं होतं. पण बाटली इथे भरली म्हणून इथे स्वस्त मिळत नाही. ती परराज्यात गेली की तिच्या किमतीवर तिथला कर बसतो, इथे राहिली की इथला.

गोव्याहून परतणाऱ्याचा हिशेब मात्र बांद्याजवळ इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर चुकू शकतो. महाराष्ट्राचा कर न भरलेली दारू इकडे आणणं हा त्याच 1949 च्या कायद्याच्या कलम 65 खाली गुन्हा आहे. डिकी उघडली की फार चौकशी करावी लागत नाही, ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ हे लेबलवरच छापलेलं असतं.