पुण्यातले दोन तट आणि मवाळांची मेहनत

निवडणूक असो की टेकडीवरचा रस्ता, पुण्यात लगेच दोन तट पडतात आणि दोघांशीही बोलू पाहणाऱ्याला विचारलं जातं, “तुम्ही नक्की कोणाचे?” हा प्रश्न या शहरात सव्वाशे वर्षांहून जुना आहे. ज्यांना तो सर्वांत जास्त ऐकावा लागला, ते मवाळ, म्हणजे अर्ज-विनंत्यांच्या सनदशीर मार्गाने जाणारे रानडे-गोखल्यांसारखे नेते, काठावर उभं राहून गंमत बघणारे नव्हते.

२ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली, ती पर्वती टेकडीवरच्या देवस्थानाच्या कारभाराविषयीच्या तक्रारींच्या निमित्ताने. सरकारदरबारी गाऱ्हाणं मांडायचं, तर लोकांच्या वतीने बोलायचा अधिकार कोणी दिला, हा प्रश्न येणारच. म्हणून सभासद होणाऱ्याने किमान ५० सज्ञान माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं, असा नियम झाला. सामान्य माणसाला मत नव्हतं त्या काळात हे घडत होतं! सही मागायची तर आधी त्या माणसाच्या ओसरीवर बसून त्याचं ऐकून घ्यावं लागणार. गणेश वासुदेव जोशी यांना लोक ‘सार्वजनिक काका’ म्हणू लागले, ते याच कामामुळे. पुढे न्यायमूर्ती रानडे आले. १८७६-७७च्या दुष्काळात सभेने जिल्ह्या-जिल्ह्यांतून पिकांची, उपासमारीची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली.

मग १८९५ साल आलं. काँग्रेसचं अधिवेशन पुण्यात होतं आणि समाजसुधारकांची सामाजिक परिषद त्याच मंडपात भरवायची की नाही, यावरून गावात रण माजलं. मुलींचं संमतिवय कायद्याने वाढवण्याच्या वादाची जखम ताजीच होती. रानड्यांनी माघार घेऊन परिषद दुसरीकडे भरवली. त्याच वर्षी सार्वजनिक सभा टिळकपक्षाच्या हाती गेली. रानडे-गोखल्यांनी १८९६मध्ये डेक्कन सभा काढली. १९०७मध्ये सुरतेला काँग्रेसच जहाल आणि मवाळ अशी दुभंगली.

मवाळांची बाजू घेतानाही एक मान्य करायला हवं. त्यांचे अर्ज मुद्देसूद असत, पण रस्त्यावरच्या माणसाला हलवण्याची ताकद टिळकांकडे होती. आणि मला सर्वांत मोलाचं वाटतं ते असं, की १८९६-९७च्या दुष्काळात टिळकांच्या हातातल्या सभेनेही कार्यकर्ते गावोगाव पाठवले आणि दुष्काळसंहितेतले, म्हणजे दुष्काळी मदतीच्या सरकारी नियमांतले, हक्क शेतकऱ्यांना समजावून सांगितले. म्हणजे माणसं दुरावली, तरी कामाची रीत टिकली. सरकारने १८९७मध्ये सभेची मान्यताच काढून घेतली. तिकडे गोखले पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष झाले आणि १९०५मध्ये त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला, तो पूर्णवेळ देशसेवा करणारी माणसं घडवण्यासाठी.

आज मताचा हक्क आहे, १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्यांची तरतूदही दिली. तरीही मार्च २०२२मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढे काही वर्षं कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळात पदपथ खचला तर कोणत्या नगरसेवकाला गाठायचं? तेव्हा दोन्ही तटांच्या मतदारांची अडचण एकच होती. महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी प्रभागातली छोटी कामं नागरिकांनी सुचवायची सोय पुण्यात २००६पासून आहे. त्या अर्जात पदपथ, दिवे, बसथांबा अशी कामं मागता येतात, आणि तो शेजाऱ्याबरोबर बसून भरता येतो, मग त्याने मत कोणालाही दिलेलं असो.