घर सुटलेल्याचं मन कुणाकडे वळतं?

‘ज्याचं जळतं त्यालाच कळतं’, असं आपण सहज म्हणून जातो. पण ज्याचं जळलं तो पुढे दुसऱ्याची आग विझवायला धावतो, की आपलं घर जाळणाऱ्याचा पत्ता शोधत निघतो? युद्ध, छळ आणि हिंसाचारामुळे आज जगभरात सुमारे 12 कोटी माणसं विस्थापित आहेत. त्यामुळे हा प्रश्न आता नुसत्या तात्त्विक चर्चेचा उरलेला नाही.

मिखाल बाउअर, ख्रिस्तोफर ब्लॅटमन हे अर्थशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये 40 हून अधिक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. युद्धाची थेट झळ बसलेली माणसं सार्वजनिक कामांत आणि अडल्यानडल्याला मदत करण्यात इतरांपेक्षा पुढे असल्याचं त्यांना दिसलं. मात्र हा चांगुलपणा बहुतेक वेळा आपल्याच माणसांपुरता असतो. शांततेच्या दृष्टीने ही अर्धवट, किंबहुना धोक्याचीच गोष्ट. कारण आपल्यांतली वीण घट्ट झाली की परक्यांविरुद्ध एकजूट करणंही तितकंच सोपं जातं.

हे कुंपण ओलांडलं कसं जातं, याचा एक धागा ग्रीसमध्ये सापडतो. 1923 च्या लोझान करारानुसार ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल झाली आणि 10 लाखांहून अधिक ग्रीक ख्रिश्चन निर्वासित ग्रीसमध्ये आले. त्यांच्या आजच्या वंशजांना संशोधकांनी आजी-आजोबांच्या त्या हालांची आठवण करून दिली आणि सीरियातून येणाऱ्यांशी त्यांचं साम्य दाखवलं. तेव्हा या नव्या निर्वासितांबद्दल त्यांची सहानुभूती वाढली, आणि त्यांच्यासाठी पैसे देण्याची तयारीसुद्धा. म्हणजे आठवण घरात होतीच. ती परक्याशी जोडून देणारं कुणीतरी हवं होतं, इतकंच.

मानसशास्त्रज्ञ एर्विन स्टॉब यांच्या बाबतीत असं जोडून देणारी माणसं लहानपणीच भेटली होती. 1938 साली हंगेरीतल्या ज्यू कुटुंबात जन्मलेला हा मुलगा नाझी काळात वाचला तो राऊल वॉलेनबर्ग या स्वीडिश मुत्सद्द्याच्या संरक्षणपत्रांमुळे, आणि जीव धोक्यात घालून कुटुंबाला मदत करणाऱ्या घरच्या ख्रिश्चन मोलकरणीमुळे. 1956 चा उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडल्यावर स्टॉबनी 18 व्या वर्षी देश सोडला. ते आधी व्हिएन्नाला आणि मग अमेरिकेत गेले. तिथे मानसशास्त्रज्ञ झाल्यावर त्यांनी प्रश्न निवडला तो असा : संकटात सगळे बघत उभे असताना एखादाच पुढे का होतो?

त्यांचा एक जुना प्रयोग मला फार बोलका वाटतो. एका खोलीत मूल काम करत बसलंय आणि शेजारच्या खोलीतून कुणीतरी पडल्याचा, रडण्याचा आवाज येतो. ज्या मुलांना आधीच ‘हवं तर त्या खोलीत जाऊ शकतोस’ असं सहज सांगून ठेवलं होतं, ती मदतीला जास्त प्रमाणात गेली. बाकीच्यांना रडणं ऐकू येत नव्हतं, असं थोडंच आहे? पण जावं की नाही, कुणी रागावेल का, याच घोळात ती जागेवर राहिली असणार.

सोसण्यातून उमलणाऱ्या परोपकाराबद्दल स्टॉबनी पुढे बरंच लिहिलं. सोसलेल्याला कुणीतरी मदतीचा हात दिलेला असणं, जखम थोडी तरी भरलेली असणं आणि आपल्यासारखंच इतरांनीही भोगलंय हे कळणं, या गोष्टींवर त्यांचा भर आहे. नुसतं दुःख पुरत नाही. न भरलेली जखम जग शत्रूंनी भरलंय असंच सांगत राहते आणि मग स्वसंरक्षणाच्या नावाखाली पहिला वार करायला हात शिवशिवतात.

हे सगळं घेऊन ते 1999 पासून रवांडात काम करू लागले. तिथे 1994 मध्ये सुमारे 100 दिवसांत लाखो माणसं मारली गेली होती, आणि द्वेष पसरवायला रेडिओच वापरला गेला होता. स्टॉब आणि सहकाऱ्यांच्या मांडणीवर आधारलेली ‘मुसेकेवेया’ ही श्रुतिकामालिका 2004 मध्ये त्याच माध्यमातून सुरू झाली. हुतू आणि तुत्सी या त्या हत्याकांडाशी जोडलेल्या दोन समाजांची नावं टाळून तिच्यात दोन काल्पनिक गावांचं वैर आणि त्यांच्यात फुललेलं एक प्रेम रंगवलं होतं.

मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लेव्ही पॅलक यांनी वर्षभर तिची पारख केली. काही वस्त्यांना ही मालिका ऐकवली, तर काहींना आरोग्यावरची दुसरी. श्रोत्यांची वैयक्तिक मतं फारशी हलली नाहीत. बदलली ती ‘आपल्या लोकांत काय चालतं’ याची समजूत, म्हणजे पटलं नाही तर बोलावं का, परक्यांत सोयरीक चालेल का, अशा गोष्टींची. शेवटी प्रत्येक वस्तीला एक रेडिओ-टेपरेकॉर्डर भेट दिला आणि तो कसा वापरायचा हे त्यांनाच ठरवायला सांगितलं. आरोग्यमालिका ऐकलेल्यांनी बहुतेक ठिकाणी तो मुकाट्याने गावच्या अधिकाऱ्याच्या हवाली करायचं ठरवलं. ‘मुसेकेवेया’च्या श्रोत्यांनी मात्र त्यावर वाद घातला, अधिकाऱ्याकडे का द्यायचा असं विचारलं आणि तो आपसात मिळून सांभाळायचा मार्ग शोधला.