प्रार्थनामय शास्त्रवाचन

पवित्र शास्त्रातील एखादा लहान उतारा सावकाश, पुन्हापुन्हा आणि प्रार्थना करत वाचण्याची ख्रिस्ती साधना. तिचे लॅटिन नाव लेक्सिओ दिविना. उताऱ्याचा अर्थ लावणे हा तिचा मुख्य हेतू नाही आणि ग्रंथ संपवणे तर मुळीच नाही. वाचणारा देवाचे ऐकायला बसतो, आणि ऐकू आलेल्याला उत्तर देतो.

सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीत, 48व्या प्रकरणात, मठवासीयांच्या दिवसात अंगमेहनतीच्या आणि पवित्र वाचनाच्या वेळा ठरवून दिल्या आहेत. त्याच प्रकरणात ईस्टरआधीच्या उपवासकाळासाठी प्रत्येकाला एक पुस्तक देऊन ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत क्रमाने वाचायला सांगितले आहे. म्हणजे सावकाश वाचन म्हणजे मन मानेल ते पान उघडणे, असा समज तेव्हाही नव्हता. आज शिकवल्या जाणाऱ्या चार पायऱ्या मात्र बाराव्या शतकातल्या. फ्रान्समधील ग्रांद शार्त्रूझ मठाचे प्रमुख ग्विगो दुसरे यांनी एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्या मांडल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. त्यांच्या शब्दांत, वाचन घास तोंडात घालते, मनन तो चावते, प्रार्थना त्याची चव मिळवते आणि ध्यान म्हणजे ती गोडीच. मठाबाहेरच्या सामान्य भाविकांपर्यंत ही रीत पोहोचली ती बरीच उशिरा. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये सर्व विश्वासणाऱ्यांना प्रार्थनेसह शास्त्र वाचण्याचा आग्रह केला, त्यानंतर तिचा प्रसार वाढला.

खानदेशात कॅथलिक धर्मग्रामे नाशिक धर्मप्रांतात येतात. धुळे, नंदुरबार, नवापूर, भुसावळ, चाळीसगाव या भागांतल्या बहुतेक ख्रिस्ती मंडळ्या मात्र प्रॉटेस्टंट मिशनांच्या कामातून उभ्या राहिल्या. रविवारची उपासना, घरोघरची प्रार्थनासभा आणि सकाळचे वचन हा त्यांचा रोजचा परिपाठ. वर्षभरात बायबल पूर्ण करण्याचा नेमही अनेक घरांत असतो. 66 पुस्तके आणि 1189 अध्याय, म्हणजे दिवसाला तीन-चार अध्याय उरकावे लागतात. आजूबाजूला सप्ताह आणि पारायणे चालू असताना, ग्रंथ पूर्ण केल्याचे समाधान काय असते हे इथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. नवशिक्याची खरी अडचण इथेच आहे. आठ ओळींवर वीस मिनिटे बसला की त्याला वाटते, आजचे वाचन राहूनच गेले.

सुरुवात बायबलमधल्या 23व्या स्तोत्राने करणे सोयीचे, कारण ते अनेकांना पाठ असते. पाठ असणे हीच त्यातली अडचणही. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे शब्द जिभेवरून घसरून जातात. म्हणून पहिल्यांदा मोठ्याने, दुसऱ्यांदा त्याहून हळू वाचावे, आणि जिथे मन अडेल तिथे थांबावे. साक्री-धुळ्याकडच्या वाचकाला ठेलारी मेंढपाळ आठवतील: रात्री शेतात बसवलेला कळप, भोवती वाघूर म्हणजे जाळ्यांचे कुंपण, आणि पाण्यासाठी केलेली लांबची चाल. हे आठवणे म्हणजे मन भरकटणे नव्हे. ते मननच आहे. मग चौथ्या वचनाशी आले की एक गोष्ट ध्यानात येते. तोवर ‘तो मला नेतो’ असे देवाविषयी चाललेले बोलणे, अंधाऱ्या दरीचा उल्लेख येताच, ‘तू माझ्याबरोबर आहेस’ असे देवाशी होऊ लागते. मनन संपून प्रार्थना कुठे सुरू होते, हे स्तोत्रच दाखवते. पुढचे ध्यान आपल्या हातात नसते. काही दिवशी ते लाभते, बहुतेक दिवशी नुसते गप्प बसणे होते, तेही चालते.

वेळेचे फार बंधन नाही, पण मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पहाटेशिवाय दुसरी शांत घडी सापडणे कठीण, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत रात्रीची. मोबाइलवरच्या बायबलपेक्षा छापील प्रत बरी, एवढेच.

या पद्धतीबद्दल काही मंडळ्यांत शंका घेतली जाते: मन रिकामे करण्याचा हा प्रकार आपला नव्हे. इथे मन रिकामे करायचे नसते, उतारा समोरच असतो, त्यामुळे हा आक्षेप फारसा टिकत नाही. खरा धोका वेगळा आहे. एकच वचन उचलून त्यात आपल्याला हवे ते ऐकण्याचा. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातले (29:11), देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचे संकल्प आहेत हे वचन भिंतीवरच्या कॅलेंडरांवर हमखास दिसते. ते बाबेलला नेलेल्या यहुदी बंदिवानांना लिहिलेल्या पत्रातले आहे, आणि त्याच्या आधीच्याच ओळीत सत्तर वर्षे थांबावे लागेल असे सांगितले आहे. नोकरीच्या निकालाची वाट पाहणाऱ्याने ते वाचावेच, पण दहाव्या वचनासकट. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2010 मध्ये असेही लिहिले की हे वाचन कृतीपर्यंत पोहोचल्याशिवाय पूर्ण होत नाही.

वाचता न येणाऱ्यांना ही साधना बंद नाही. जुन्या मठांतही शास्त्र ऐकलेच जाई, आणि एकट्याचे वाचनदेखील बहुधा ओठ हलवत, पुटपुटत होई. घरगुती सभेत एकाने उतारा दोनदा सावकाश वाचावा, मध्ये दोन-तीन मिनिटे शांतता ठेवावी, मग ज्याला जो शब्द लागला तो त्याने तेवढाच सांगावा. वाचन मराठीत झाले तरी प्रार्थना अहिराणीत किंवा मावचीत करायला हरकत नाही. मनातले बोलणे घरच्या भाषेत लवकर येते. या सभेत सर्वांत अवघड काम पाळकांचे, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंचे, असते: त्यांना उपदेश न करता बसून राहावे लागते.